धड्यावर व्हिडिओ: कॅमेऱ्याआधी ‘का’

सातवीच्या वर्गाला ‘या कथेवर व्हिडिओ करा’ एवढंच सांगितलं, की हमखास नाटुकलं हाती येतं. अख्खी कथा पाच मिनिटांत पळवलेली, काजळानं मिशा काढलेल्या, मागे मोठ्यानं गाणं. मुलांना मजा येते, पण कथेचा अर्थ कुणीच लावलेला नसतो. म्हणून आठ-दहा ओळीच द्या आणि व्हिडिओ 90 सेकंदांच्या पुढे जाऊ देऊ नका.

फोन हातात द्यायच्या आधी चार रकान्यांचा तक्ता तपासा: मूळ ओळ, काय दिसेल, काय ऐकू येईल, आणि का.

समजा, कथेत इतकंच आहे: ‘अण्णा उंबऱ्यापाशी आले. चपला काढल्या नाहीत.’ बहुतेक गट अण्णांचा रागीट चेहरा दाखवायचं ठरवतात. राग कुठल्या शब्दात आहे, असं विचारा. सापडत नाही. मग नजर चपलांवर जाते. घरचा माणूस चपला घालूनच उभा आहे, म्हणजे त्याला थांबायचं नाही, किंवा ‘आत या’ असं कुणी म्हटलेलं नाही. आता कॅमेऱ्याच्या चौकटीत पाय आणि उंबरा येतात. शिवाय ही गोष्ट स्वयंपाकघरातून बघणारी लहान मुलगी सांगत असेल, तर कॅमेरा आतच हवा, तोही तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. निवेदक म्हणजे कोण, हे व्याख्या पाठ करण्यापेक्षा इथे लवकर उमगतं.

सगळ्यात जास्त घोळ प्रतिमांमध्ये होतो. ‘आजीच्या डोळ्यांत आभाळ दाटलं’ या ओळीला मुलं ढगांचा फोटो लावून मोकळी होतात. ‘ढग न दाखवता दाखवा’ अशी अट घाला. मग कुणीतरी तांदूळ निवडता निवडता थांबलेले हात सुचवतं, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

तक्त्यानंतर चौकटी कागदावर काढून घ्या. कोल्हापुरात मूकपट काढणारे बाबूराव पेंटर चित्रीकरणाआधी रेखाटनं करत, हे सांगितलं की चौकटी काढायचा कंटाळा पळतो.

35 मिनिटांच्या सात तासिका धरा: दोन तक्त्याला, एक चौकटींना, जोडतासिका चित्रीकरणाला, एक संकलनाला, एक बघायला. गट चौघांचा, पाचवा नुसता उभा राहतो. फोन आडवा, फ्लाइट मोडवर, दप्तरांच्या थप्पीला टेकवलेला. व्हिडिओचं रिझोल्यूशन 1080 ठेवलं, तर मिनिटाला साधारण 100 ते 150 एमबी जागा जाते. 720 पुरेसं आहे. ‘रंकाळा तलावावर शूटिंग करूया’ असा हट्ट होणारच. चित्रं तिथली घ्या, पण वाऱ्यात वाक्यं ऐकू येत नाहीत. आवाज वर्गात पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर धरून वेगळा घ्या. आणि मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

बघताना पहिल्यांदा आवाज बंद ठेवा आणि कुठली ओळ चालू आहे, ते वर्गाला ओळखू द्या. अंदाज चुकला तर गटानं ‘का’चा रकाना पुन्हा लिहायचा. वीसपैकी आठ गुण त्या रकान्याला, पाच दुरुस्तीला, चार चित्र आणि आवाज ओळीशी जुळण्याला, तीन गटकामाला. सफाईला एकही नाही. नाहीतर ज्याच्या घरी महागडा फोन, त्यालाच पैकीच्या पैकी मिळतात.