ब्रूस घराण्याची वंशावळ: तिसऱ्या रॉबर्टची जागा सापडली

दीड महिना अडलेली गाठ या रविवारी सुटली. स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यावर ज्यांनी काम केलंय त्यांना ठाऊक आहे, इथे घोळ होतो तो एकाच नावामुळे. मूळ पुरुषापासून स्कॉटलंडच्या राजा रॉबर्टपर्यंत (जन्म ११ जुलै १२७४) सात रॉबर्ट भरतात, आणि सनदेत नुसतं 'रॉबर्ट दे ब्रूस'. ती बापाची की लेकाची, हे साक्षीदारांची नावं जुळवून ठरवायचं.

आधी वरचं टोक. माझ्या जुन्या तक्त्यात मूळ पुरुषाच्याही वर एक रॉबर्ट होता, १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमबरोबर तिथे उतरलेला. तो काढला. त्याला आधार होता तो १०८६ च्या डूम्सडे नोंदींतल्या (इंग्लंडातल्या जमिनींची राजाने केलेली मोजदाद) ब्रूस जहागिरीचा, पण तो मजकूर कित्येक वर्षांनी दुसऱ्या हाताने घातलेला आहे. मूळ पुरुष, म्हणजे नॉर्मंडीतल्या ब्रिक्सचा रॉबर्ट, वर आला तो इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजाच्या काळात. ११२४ च्या सुमारास स्कॉटलंडच्या डेव्हिड राजाने त्याला दक्षिण स्कॉटलंडमधली ॲनन्डेलची जहागीर दिली. पुढे त्याचा थोरला मुलगा ॲडम इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या जमिनीवर बसला आणि धाकटा रॉबर्ट ॲनन्डेलवर. दोन्ही शाखांना आता वेगळे रंग दिलेत.

आता गाठ. हा धाकटा रॉबर्ट ११९४ च्या सुमारास वारला आणि त्याच्यामागे ॲनन्डेल त्याचा मुलगा विल्यम याच्याकडे गेलं (मृत्यू १२१२). पण ११८३ साली स्कॉटलंडच्या विल्यम द लायन राजाची अनौरस मुलगी इसाबेल हिच्याशी लग्न करणारा एक रॉबर्ट ब्रूस आहेच. मी त्याला विल्यमचा बाप धरलं होतं, त्यामुळे खालच्या सगळ्या पिढ्यांची वयं बिघडत होती. उत्तर मिळालं इसाबेलच्या दुसऱ्या लग्नात: ११९१ साली तिचा विवाह रॉबर्ट दे रॉसशी झाला. म्हणजे पहिला नवरा तोवर गेलेला होता, बाप हयात असतानाच. तो विल्यमचा थोरला भाऊ. जहागीर त्याच्या हाती कधी आलीच नाही, तरी काही तक्ते त्याला ॲनन्डेलचा तिसरा अधिपती मोजतात आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. मी अधिपतींना आकडे दिलेत ते त्याला वगळून.

याच इसाबेलचा दे रॉस घराण्यातला पणतू १२९१ च्या वारसा-खटल्यात स्कॉटलंडच्या गादीवर हक्क सांगायला उभा राहिला. त्याच खटल्यात पाचवा अधिपती रॉबर्ट ब्रूसही होता. त्याचा दावाही आईकडूनच: आई हंटिंग्डनच्या अर्ल डेव्हिडची मधली मुलगी. थोरल्या मुलीकडून आलेला जॉन बेलियल एक पिढी खाली. ब्रूस म्हणे, मी नातू, तो पणतू, म्हणून मी जवळचा. १७ नोव्हेंबर १२९२ ला निकाल बेलियलच्या बाजूने लागला. हा पाचवा १२९५ मध्ये वारला आणि यॉर्कशायरमधल्या गिझबरोला, मूळ पुरुषाने स्थापलेल्या मठात, त्याला पुरलं.

या घराण्याच्या मुली आणि सुना पुरुषांच्या नावापुढे नुसत्या कंसात लिहू नयेत, असं मला आता ठामपणे वाटतं. स्कॉटलंडमधलं कॅरिक ब्रूसांकडे आलं तेही मार्जरीमुळेच; ती तिथली स्वतःच्या हक्काची काउंटेस, राजा रॉबर्टची आई. म्हणून तक्ता पुन्हा काढतोय. प्रत्येक स्त्रीला स्वतंत्र चौकट, तिची सगळी लग्नं सालांसकट.

निम्म्या चौकटी भरल्या. पुढचा आठवडा राजाच्या बहिणींचा. सुरुवात नॉर्वेच्या राणीपासून, कारण १२९३ साली ती लग्न करून गेली तेव्हा सोबत नेलेल्या कपड्यांची आणि भांड्यांची यादी अजून शाबूत आहे.