खुर्जी

नोकरीला लागलो त्या दिवशी ओळखपत्राबरोबर एक काळी सॅक मिळाली. तशीच सॅक निम्म्या पुण्याच्या पाठीवर असते: वर कंपनीचं नाव, आत लॅपटॉपचा गादीदार कप्पा, बाजूला बाटलीसाठी जाळी. मेट्रोत आणि स्कूटरवर ती बिनतक्रार चालते. सायकलवर मात्र आठवड्यात तिचे सगळे गुण कळतात.

माझा रस्ता कोथरूड ते शिवाजीनगर, सातेक किलोमीटर. एकदा भाजीवाल्याला सांगून सॅक त्याच्या काट्यावर ठेवली. लॅपटॉप, चार्जर, लिटरभर पाणी, डबा, रेनकोट आणि सायकलचं साखळीकुलूप मिळून सव्वासहा किलो भरली. म्हणजे साधारण पाच महिन्यांचं बाळ. बाळ निदान खांद्यावर मान टाकून झोपतं तरी. ही बया प्रत्येक खड्ड्याला मणक्यावर थाप मारून आपण जागी असल्याचं सांगते. घामाचं तर बोलायलाच नको. ऑफिसात पोचेपर्यंत शर्टाच्या पाठीवर सॅकचा नकाशा उमटलेला असायचा, पट्ट्यांसकट.

पावसाळ्यासाठी पोपटी कव्हर घेतलं. ते सॅकला पुढून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच. मानेवरून ओघळणारं पाणी पाठीच्या पन्हळीतून खाली येतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. लॅपटॉप असतो नेमका त्या तळ्यावर. कर्वे रस्त्यावर पाऊस थांबला तरी सुटका नाही, मेट्रोच्या पुलाखाली ठिबक चालूच राहतं. तेव्हाच हेही कळलं, की पाणी कापडातून फारसं शिरत नाही, चेनमधून शिरतं.

मग शबनमचा शहरी अवतार आणला, तिरपा एकच पट्टा असलेली बॅग. पेडल मारताना ती पाठीवरून निघायची आणि दुसऱ्या सिग्नलपर्यंत पोटावर येऊन गुडघ्यांशी भांडायला लागायची. बाबा हँडलला कापडी पिशवी अडकवून बँकेत जायचे, म्हणून तेही करून पाहिलं. बाबांच्या पिशवीत डबा आणि वर्तमानपत्र असायचं. दोन किलोचा लॅपटॉप हँडलला लटकवला की वळताना सायकल आधी पिशवीला विचारते, मग आपल्याला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, मग कॅरिअर कशाला असतं?" माझ्या गिअरच्या सायकलला कॅरिअरच नव्हतं. ते असणं गावठी, असं मला विकणाऱ्यानं पटवलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दिसला. इतकी वर्षं रोज दिसतोय, पण पाहिला त्या दिवशी. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन, वजन चाकाच्या आसापर्यंत खाली उतरलेलं आणि त्याची पाठ कोरडी. गोव्यात पोदेर असाच मागे पावांची भलीमोठी टोपली बांधून पों पों करत येतो. सायकलवर ओझं वाहणाऱ्या कुणीही ते स्वतःच्या अंगावर घेतलेलं नाही. पाठीवर बिऱ्हाड आम्हा लॅपटॉपवाल्यांच्याच.

कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या अशा बॅगेला दुकानात पॅनियर म्हणतात. शब्द लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ भाकरी-पावाची टोपली. आपला पाव पोर्तुगिजांकडून आला, पण मूळ शब्द तोच. म्हणजे पोदेराची टोपली ही शब्दशः पॅनियर! आपल्याकडे घोड्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना सोडायच्या जोडपिशवीला खुर्जी म्हणत. मी तोच शब्द वापरायचं ठरवलं. घरात कुणी वापरत नाही.

चांगल्या परदेशी खुर्जीची किंमत पाहिली आणि पान बंद केलं. पण तिची जन्मकथा वाचून बसलो होतो. १९८१ मध्ये हार्टमुट ऑर्टलीब हा जर्मन तरुण इंग्लंडमध्ये सायकलवर भिजत चालला होता. शेजारून ट्रक गेला आणि त्यातला माल ताडपत्रीखाली कोरडा दिसला. घरी जाऊन त्यानं आईच्या शिलाई मशीनवर ट्रकच्या ताडपत्रीची बॅग शिवली आणि पुढच्याच वर्षी कंपनी काढली. १९९३ मध्ये झुरिकच्या फ्रायटाग भावांनी जुन्या ताडपत्र्या, गाड्यांचे सीटबेल्ट आणि सायकलच्या ट्यूब जोडून बॅगा बनवल्या. हे वाचल्यावर मला रविवार पेठ आठवली नसती तरच नवल. मे महिन्यात अर्धं पुणे तिथं ताडपत्री घ्यायला जातं.

शिवणाऱ्या काकांना कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं. "चेन कुठं लावू?" "चेन नको. तोंड पोत्यासारखं तीनदा दुमडायचं आणि वरून बकल." ते जरा खूश झाले. "शिलाईच्या भोकातनं पाणी येणार बघा. आतनं पट्टी चिकटवून देतो." हे मला सुचलं नव्हतं. लॅपटॉपचा स्पंजाचा कप्पा तळापासून चार बोटं वर टांगायला सांगितलं, म्हणजे बॅग आपटली तरी तो आपटत नाही. कॅरिअर बसवून घेतलं होतंच. पहिल्या दिवशी टाच दर फेरीला बॅगेवर आपटली, तेव्हा हुक बोटभर मागे सरकवले.

उरला प्रश्न कुठल्या बाजूला काय. आपण डावीकडून चालणार, म्हणजे गाड्यांचे धक्के आणि डबक्यांचं पाणी उजवीकडून येणार. लॅपटॉप डावीकडेच हवा. पण स्टँडही डावीकडे, सायकल आधीच तिकडे कलते, आणि लॅपटॉपच्या वजनानं एकदा पार्किंगमध्ये सावकाश आडवी झाली. आता मी आधी लॅपटॉपची बाजू काढतो, मग स्टँड लावतो.

उजवीकडच्या खुर्जीत डबा. आधी आमटी आणि लॅपटॉप एकाच सॅकमध्ये राहायचे आणि झाकणाच्या एका आट्यावर माझी नोकरी अवलंबून असायची. आता दोघांच्या मध्ये अख्खं चाक आहे. परवा खांद्यावर निळी ताडपत्री घेऊन लिफ्टकडे निघालो, तर नव्या वॉचमननं हात आडवा केला.

"पार्सल इथंच ठेवायचं, दादा. कितवा मजला?"

"तिसरा," मी म्हटलं, आणि ओळखपत्र शोधायला लागलो. ते त्या काळ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात राहिलं होतं.