तर्री आणि कानाची पाळी

परवा रविवारी बाबांना घेऊन गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. रविवारी सकाळी मिसळीला नंबर लावणं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको, अर्धा तास ताटकळून एकदाचे बसलो आणि भुकेच्या नादात मी रश्श्याचं स्टीलचं भांडं सरळ बोटांनी धरलं. ते नुकतंच उतरवलेलं. हात झटकन मागे आला, रस्सा टेबलावर सांडला, आणि मग मला कळलं की अरे, भाजलं.

या 'मग'चीच मला तेव्हापासून गंमत वाटतेय. शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून दोन मार्कांना पाठ केलं होतं, पण ती आपल्याच बोटात घडते तेव्हा खरी कळते. बोटातला निरोप वर मेंदूत जाणार, तिथे विचार होणार, मग ऑर्डर खाली येणार, एवढा वेळ कोणाला आहे? पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच परस्पर दंडाच्या स्नायूला सांगतो, ओढ रे हात. मेंदूला फक्त माहितीसाठी प्रत. हा मज्जारज्जू जेमतेम दीड फुटाचा, करंगळीएवढा जाड, त्यातून नसांच्या 31 जोड्या निघतात. वर साधारण 8,600 कोटी चेतापेशींचं मंत्रालय बसलंय आणि काम तालुक्यालाच उरकतं.

बरं, दुखणं पण दोन हप्त्यांत येतं, कधी लक्ष दिलंय का? आधी टोचल्यासारखा चटका, आणि जरा वेळाने ती रेंगाळणारी आग आग. कारण तार वेगळी. चटका नेणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं पातळ वेष्टण असतं, त्यांच्यातून निरोप सेकंदाला 5 ते 30 मीटर पळतो. आग नेणारे तंतू उघडे, बारीक, सेकंदाला मीटरभर गेले तरी खूप. म्हणजे एक गाडी फ्लायओव्हरवरून सुसाट निघून गेली आणि दुसरी खाली द्वारका सर्कलला हॉर्न वाजवत बसली.

तोवर माझी बोटं कानाच्या पाळीला लागली होती. हे कोणी शिकवलं आठवत नाही, आईला तव्यावर चटका बसला की ती हेच करायची. पाळी थंड असते हे तर आहेच, पण स्पर्श नेणारे तंतू वेदनेवाल्यांपेक्षा वेगवान असतात आणि मज्जारज्जूच्या दारात ते वेदनेची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं. आपण कोपर आपटल्यावर चोळतो ते पण त्याचमुळे. (भाजल्यावर चोळू नका हां, नळाखाली धरा.)

मग मिसळ. तर्री घातली, दोन घास खाल्ले आणि नाक वाहायला लागलं, कपाळावर घाम. वास्तविक तिखट ही चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या त्याच दरवाज्याची कडी काढतं जो एरवी 43 अंशांच्या वर गरम काही लागलं की उघडतो, मेंदूला वाटतं तोंड भाजलं, आणि बाकीची यंत्रणा आपल्याला न विचारता घाम काढून गार करायला धावते. हा दरवाजा, म्हणजे उष्णता ओळखणारं एक प्रथिन, शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधला, 2021 ला त्यांना नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत. नाशिकमध्ये आपण त्यावर पाव बुडवून खातो. पाण्याने काही होत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही ना, दह्याची वाटी मात्र बरोबर काम करते.

हे सगळं मी बाबांना उत्साहाने सांगत होतो, की बघा, हात आधी हलतो आणि डोक्याला नंतर कळतं.

बाबा पापड मोडत म्हणाले, "तुझं लहानपणापासून तसंच आहे. कांदा सरकव इकडे."