पेटीत काय आहे?

आमच्या लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कविता पडली रे पडली, की अंगठे, फुलं आणि ‘व्वा सर, अप्रतिम!’ सुरू. कविता वाचायला लागतो त्याहून कमी वेळात अभिप्राय येतो, यावरून काय ते समजावं.

तरी ग्रुप सोडवत नाही, तो एका निवृत्त गुरुजींमुळं. ते तिथं चकार शब्द बोलत नाहीत. कवितेचा स्क्रीनशॉट काढतात, त्यावर बोटानं लाल गोल मारतात आणि आपल्याला वेगळा पाठवतात. गोल असतो बटाट्यासारखा. खाली एवढंच : ‘शेवटचं कडवं काढा. कविता आधीच संपलीय.’ डोकं सणकतं. मग चहा घेऊन पुन्हा वाचावं, तर कडवं काढावंच लागतं. शंभर अंगठ्यांनी हे काम होत नाही.

बेळगाव भागात साहित्याला माणसं कमी नाहीत. १९४६ साली इथल्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आजही येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांतून संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीला अख्खं गाव लोटतं, कविसंमेलनात हात वर करून आपली कविताही म्हणता येते. पण मांडव उतरला की पुढच्या संमेलनापर्यंत लिहिणारा ज्याच्या-त्याच्या घरी एकटा. कथाकार जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले, पुढं धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले. माणसांत फार मिसळायचे नाहीत, पण पत्रं मात्र भरभरून लिहायचे. निवडक पत्रांचेच चार खंड झाले. एकांत प्रिय असलेल्या माणसालाही पलीकडं कुणीतरी वाचणारं लागतंच की! आमच्यासारख्यांची तर बातच सोडा.

सध्या ग्रुपवर खानापूरकडच्या एका ताईंची कथा गाजतेय. त्या ती तुकड्यातुकड्यानं टाकतात, तीही रेंज असेल तेव्हा. दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी सासूची कुलूपबंद पेटी आली आणि ताई गायब. पावसाचे दिवस, शेतात भाताची लावणी. इकडं ‘ताई, पेटीत काय ओ?’ म्हणून एकेकाचे तगादे. एरवी दुसऱ्याचं न वाचता फुलं टाकणारे कवीसुद्धा विचारायला लागले, म्हणजे बघा. ‘दागिने असणार,’ एक म्हणाला. ‘छे, पत्रं,’ दुसरा. ताईंनी रात्री उशिरा उत्तर दिलं, ‘दोन वाफे राहिलेत. थांबा की जरा.’

त्यावर ग्रुपवर गुरुजींचा पहिलावहिला मेसेज आला : ‘वाफे होऊ देत. पण पेटीत दागिने घालू नका.’