मामाचा पहिला डोस
आज दिवसभर मामासोबत डे-केअर वॉर्डात. लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) रिटुक्सिमॅब हे औषध, थेंबथेंब, दहा ते चार. मध्येच हुडहुडी भरली. बाहेर सोलापूरचं ऊन आणि हा चादरीत गुरफटलेला! (जन्म यंत्रमागावर गेला, चादर घरचीच.) सिस्टरनी सलाईनचा वेग कमी केला, मग थांबली.

हे औषध म्हणजे एक अँटिबॉडी, चिकटून बसणारं प्रथिन; ते बी-पेशींवरची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सीडी२० ही खूण पकडतं. अमेरिकेत १९९७ला लिम्फोमासाठी मंजुरी, २००६ला संधिवातासाठीही. डॉक्टर म्हणाले, आता दोन हातांच्या अँटिबॉडीज आल्यात, एक हात बी-पेशीला, दुसरा तिला मारणाऱ्या टी-पेशीला; ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) त्यांच्या अजून चाचण्याच चालू आहेत.

मामा लगेच, "मग काय बे, तुटलेला धागा गाठायला दोन हात लागतातच की!"

डब्यातली भाकरी-शेंगाचटणी मात्र तशीच परत आली.