आहेरातला गेंडा

आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या जेवण सोडून सगळं आहे. मधोमध लिस्बनचा नकाशा पसरलेला, तो पंख्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर बाबांच्या गुडघ्याचं तेल. ताटं मांडीवर घेऊन आम्ही सोफ्यावर जेवतो. ऑक्टोबरात चार दिवस जायचंय आणि तयारी चार महिन्यांपासून चालू आहे. नवऱ्याच्या मते हे प्रमाण योग्य आहे.

नवऱ्याने अर्थातच एक्सेल शीट केली आहे. वार, वेळ, ठिकाण, तिकीट, आणि सगळ्यांत शेवटचा रकाना 'चढ'. हा रकाना बाबांसाठी. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि शहर पडलं सात टेकड्यांवरचं. शिवाय तिथल्या पदपथांवर पांढऱ्या चुनखडीचे हाताने बसवलेले लहान लहान दगड. फोटोत सुंदर दिसतात, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या चपलांनी इतके गुळगुळीत झालेत की पावसाची सर आली की पाय सरकलाच. म्हणून प्रत्येक स्थळापुढे शून्य ते पाच असे चढाचे गुण. साऊं जॉर्जच्या किल्ल्याला चार. आल्फामाच्या गल्ल्यांना तीन, पण उलट दिशेने, म्हणजे अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रॅमने वर जाऊन पायी खाली उतरलं तर एक. सेन्योरा दू मोंतीच्या टेकडीवरून अख्खं शहर दिसतं म्हणतात. तिला पाच गुण, म्हणून ती बाद. चांगले गुण मिळवून नापास होणारी ही पहिलीच यादी असावी.

अठ्ठावीस नंबरच्या ट्रॅममध्ये खिसेकापू फार, असं जो तो बजावतो. बाबा म्हणाले, "मी चाळीस वर्षं विरार लोकलने गेलो." विषय संपला.

प्रेक्षणीय स्थळांच्या याद्यांचं एक बरं असतं. दहा याद्या काढा, पहिली सहा नावं तीच. बेलेमचा बुरूज, जेरोनिमोस मठ, किल्ला, सांता जुस्ताची 1902 सालची लोखंडी लिफ्ट, नदीकाठचा तो मोठा चौक, कार्मोचं चर्च. यांतलं एक जरी सोडलं तर परत आल्यावर कुणीतरी "अरेरे, ते नाही पाहिलंत?" म्हणणार. माझा अंदाज असा की निम्मी माणसं प्रेक्षणीय स्थळं पाहतात ती या 'अरेरे'च्या धाकाने.

कार्मोवर मात्र आमच्याकडे वाद झाला. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या लावलेल्या. त्यात भूकंप झाला. मग नदीतून समुद्राच्या लाटा शहरात आल्या आणि मेणबत्त्यांनी लावलेल्या आगी पुढे कितीतरी दिवस जळत राहिल्या. कार्मोचं छप्पर तेव्हा पडलं ते पडलंच. आज नुसत्या दगडी कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. मी हे सगळं हळव्या आवाजात वाचून दाखवलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिनछपराचं चर्च बघायला पैसे कशाला घालवायचे? आपल्या किल्ल्यात आहेत की."

आहेत खरी. माझं बालपण वसईच्या किल्ल्यात गेलं म्हटलं तरी चालेल. रविवारी बाबा सायकलवर पुढे मला बसवून तिकडे न्यायचे. तेव्हा तिथे शेळ्या आणि ताडीवाले असत, आता लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी असतात, एवढाच काय तो फरक. बिनछपराच्या चर्चच्या भिंतीवर वडाच्या मुळ्या उतरलेल्या. फरशीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेली थडगी. त्यावर उभं राहू नये हे मला फार उशिरा कळलं. मी त्यांवर ठिक्कर खेळलेली आहे.

लिस्बनचं नाव पक्कं झालं त्यामागे हेच कारण होतं. पॅरिस, रोम सगळी नावं येऊन गेली. बाबा म्हणाले, "दोनशे पाच वर्षं पोर्तुगीज आपल्याकडे वसईत येऊन राहिले. आपण चार दिवस जायला काय हरकत आहे?" भाषेचीही काळजी नाही, असं त्यांचं म्हणणं. बटाटा, चावी, पगार, लिलाव, नाताळ, घमेलं, पिंप, सगळं त्यांच्याकडूनच आलेलं. आता चावीचं तिकडे 'शाव्ह' होतं आणि बटाट्यातले 'ट' नाजूक होऊन 'त' होतात, पण बाजारात बोट दाखवून 'बताता' म्हटलं की बटाटा मिळणार. फक्त पगाराशी जपून, तिथे त्याचा अर्थ 'पैसे देणे' एवढाच आहे. आपल्याकडे येताना तो शब्द बरोबर उलटा झाला.

हे सगळं ठीक. पण या सहलीचा खरा कणा आहे एक गेंडा.

तो मला सापडला बेलेमच्या बुरुजाची माहिती काढताना. हा बुरूज टेगस नदीच्या मुखाशी 1514 ते 1519च्या सुमारास बांधला गेला. पांढऱ्या दगडाचा, कोपऱ्याकोपऱ्यावर टेहळणीच्या छोट्या घुमट्या असलेला. त्यातल्या एका घुमटीच्या बुडाशी, आधाराच्या दगडात, गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. पाच शतकांच्या खाऱ्या वाऱ्याने झिजून आता ते गेंड्याचं की डुकराचं असा प्रश्न पडावा. पण गेंड्याचंच आहे, आणि तो गेंडा आपल्याकडचा.

त्याची हकिगत अशी. पोर्तुगिजांचा गव्हर्नर अफोन्सो दे अल्बुकर्क गोव्यात बसून दीववर डोळा ठेवून होता. तिथे किल्ला बांधायची परवानगी मागायला त्याने 1514 मध्ये गुजरातच्या सुलतानाकडे, दुसऱ्या मुजफ्फरशहाकडे, वकील पाठवले. सुलतानाला किल्ला द्यायचा नव्हता आणि तोंडावर नाही म्हणायचंही नव्हतं. त्याने वकिलांचा मानपान केला आणि निघताना एक जिवंत गेंडा भेट दिला.

हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. उसने पैसे मागायला आलेल्या नातेवाइकाला चहा-पोहे देऊन, वर नारळ हातात देऊन वाटेला लावतात ना, तसलंच हे. फक्त नारळाचं वजन दोन टन.

आता अल्बुकर्कपुढे प्रश्न. गोव्यात गेंडा ठेवायचा कुठे, खायला काय घालायचं? मग त्याने तेच केलं जे आपण वास्तुशांतीला आलेल्या चौथ्या भिंतीवरच्या घड्याळाचं करतो. आहेर पुढे सरकवला. जानेवारी 1515 मध्ये गेंडा आणि त्याचा इथलाच एक राखणदार बोटीत चढले. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स करत 20 मे रोजी लिस्बनला पोहोचले. रोमन काळानंतर युरोपात कुणी गेंडा पाहिला नव्हता. त्याला तिथे नाव पडलं 'गँडा'. म्हणजे नावही त्याने आपलंच नेलं. बेलेमचा बुरूज तेव्हा अर्धामुर्धा उभा होता.

पोर्तुगालचा राजा मॅन्युएल, त्याला प्राण्यांचा भारी शौक. प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं होतं की हत्ती आणि गेंडा हाडवैरी. ते खरं का, हे बघायला त्याने राजवाड्याच्या आवारात दोघांची झुंज लावली. हत्ती गेंड्याला बघून पळून गेला. झुंज झालीच नाही. त्या राजवाड्याची पुढे 1755च्या भूकंपात माती झाली आणि आज तिथे तो मोठा चौक आहे. त्याचं अधिकृत नाव 'व्यापार चौक', पण लिस्बनची माणसं अजून त्याला 'राजवाड्याचं अंगण' म्हणतात. हे मला एकदम पटलं. मीही अजून व्हीटीलाच उतरते.

गंमत म्हणजे मॅन्युएलनेही आहेर पुढेच सरकवला. पोपची मर्जी राखायची होती. आदल्याच वर्षी हत्ती पाठवून झाला होता, आता गेंडा. डिसेंबरात गळ्यात हिरवा मखमली पट्टा घालून त्याला रोमच्या वाटेला लावलं. 1516च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट फुटली. गेंड्याला पोहता येतं, पण हा साखळदंडाने जखडलेला. तो बुडाला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि तो राखणदार?" त्याचं काय झालं हे मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बाबा जुनं, कव्हर निघालेलं वसईच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन बसलेले. म्हणाले, "हा मुजफ्फरशहा कोण माहितीये? बहादूरशहाचा बाप." 1534 मध्ये हुमायूनच्या धास्तीने ज्याने वसई पोर्तुगिजांना तोडून दिली तो बहादूरशहा. बापाने गेंड्यावर भागवलं, मुलाला वीस वर्षांनी अख्खी वसईच द्यावी लागली आणि पुढच्याच वर्षी दीवलाही परवानगी. "म्हणजे," बाबा म्हणाले, "गेंडा निघाला तेव्हा वसई याच सुलतानाची. तो आणि आपण एका दप्तरातले."

त्या सकाळपासून एक्सेल शीटमध्ये दुसऱ्या दिवशी दहा वाजता बेलेमसमोर 'बुरूज' पुसून 'गेंडा' लिहिलं गेलं. नवऱ्याने कुरकुर केली नाही. बेलेम मध्यवर्ती भागापासून सहा किलोमीटरवर, पंधरा नंबरची ट्रॅम नेऊन सोडते, रस्ता नदीकाठचा आणि सपाट, चढ शून्य. शिवाय गेंडा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असल्याने तिकीटही शून्य. माझ्या नवऱ्याला इतकं निर्दोष प्रेक्षणीय स्थळ आजवर मिळालं नव्हतं.

बाकीची बेलेमची यादी मग गेंड्याभोवती बसवली. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद, म्हणून मंगळवार. हा मठ 1501च्या सुमारास सुरू झाला आणि पुरा व्हायला शंभर वर्षं लागली. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के करातून त्याचा खर्च निघाला. ("म्हणजे मिरी," बाबा. "मिरी केरळची," मी. "तेच ते," बाबा.) आत वास्को द गामाची कबर आहे. तो वारला कोचीला, 1524च्या नाताळच्या आदल्या दिवशी, आणि त्याच्या अस्थी कितीतरी वर्षांनी परत नेल्या. शेजारी नदीकाठी शोधयात्रांचं ते भलंमोठं स्मारक. 1940च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं आणि 1960 मध्ये काँक्रीटमध्ये पक्कं केलेलं. त्यावर तेहतीस माणसं गलबतावर रांगेने समुद्राकडे बघतायत. गेंडा नाही, म्हणून आम्ही त्याला पंधरा मिनिटं दिली आहेत.

कस्टर्डच्या छोट्या टार्टना पाऊण तास. 1834 मध्ये मठ बंद पडल्यावर तिथली कृती बाहेर पडली आणि 1837पासून ते टार्ट बेलेमच्या एका दुकानात विकले जातायत. पाऊण तास त्यातला अर्धा रांगेचा.

व्हिसाची कागदपत्रं हे वेगळंच प्रकरण. व्हिसा मिळायच्या आधी हॉटेल ठरलेलं हवं, तीस हजार युरोंचा विमा हवा, आणि दिवसवार कार्यक्रमही हवा. अर्जात 'प्रवासाचा हेतू' असा रकाना होता. मी 'पर्यटन'वर खूण केली. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "खाली 'इतर' आहे बघ." नवऱ्याने लॅपटॉप बंद केला.

परवा रात्री सगळे झोपल्यावर मी जर्मन चित्रकार ड्यूररचं गेंड्याचं चित्र उघडून बसले होते. 1515 मध्येच न्यूरेंबर्गला बसून त्याने या गेंड्याचा लाकडी ठसा केला. एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन एवढाच आधार. गेंडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या चित्रातल्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत, आणि मानेच्या मागे, पाठीवर, एक जादा छोटं शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच. मी चित्र बघितलं, मग आमची एक्सेल शीट बघितली. नऊ ते सव्वानऊ नाष्टा, नऊ बत्तीसला ट्रॅम, दहाला गेंडा. तिथे पाय न ठेवता, लोकांच्या सांगण्यावरून, इतक्या आत्मविश्वासाने रेखाटलेलं शहर. यात एक जादा शिंग नक्की आहे. कुठे ते अजून दिसत नाहीये. मला वाटतं नऊ बत्तीसला.

काल बॅग भरायची चर्चा निघाली. बाबांनी फडताळातून केळीच्या पानात गुंडाळलेली सुकेळी काढली. आगाशीहून खास मागवलेली, उन्हात वाळवलेली, मधासारख्या रंगाची. "रिकाम्या हाताने कसं जायचं? पाचशे वर्षांनी गावाकडचं कुणी भेटायला जातंय."

नवरा लगेच नियम शोधायला बसला. दुधाचं काही चालत नाही, त्यामुळे पेढे गेले. मटणमांस नाही. आंब्याला प्रमाणपत्र लागतं. पण पाच फळांना सूट आहे. अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. वाळलेल्या केळ्याचं काय, यावर त्याने अर्धा तास खर्च केला आणि शेवटी सामानाच्या पानावर लिहिलं, 'सुकेळी, पाव किलो'.

बाबा त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत होते.

"पाव किलो?" ते म्हणाले. "गेंड्याला?"