स्मिथ आणि सती: ‘मॅट्रिक्स’च्या उत्तरार्धाकडे पुन्हा पाहताना

१९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’ या इंग्रजी विज्ञानपटाचे पुढचे दोन्ही भाग २००३ मध्ये, अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने प्रदर्शित झाले. मे महिन्यात आलेल्या ‘रीलोडेड’ने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलरची कमाई केली, नोव्हेंबरमधला ‘रेव्होल्यूशन्स’ मात्र ४३ कोटींच्या आसपास थांबला आणि समीक्षकांनीही त्याला झोडपून काढले. कथा भरकटली, तत्त्वज्ञानाचे ओझे झाले, खलनायकांची नुसती गर्दी झाली, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले. यातला शेवटचा आक्षेप मला मुळातच मान्य नाही. या दोन भागांचे मोठेपण त्यांच्या खलनायकांतच आहे, असे मी मानतो, आणि आता अनेक जुने चाहतेही त्याच मताकडे वळताना दिसतात.

भुसावळला आमचा काही जणांचा गट आहे. कोणी रेल्वेत आहे, कोणी दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात, एक जण यावलला शिक्षक आहे. मागच्या हिवाळ्यात जामनेर रोडवरच्या एका मित्राच्या घरी आम्ही दोन्ही भाग सलग पाहिले. नंतर बराच वेळ चर्चा रंगली, आणि तिच्यात नायक निओचे नाव क्वचितच निघाले.

बोलणे स्मिथपासून सुरू झाले, ते योग्यच होते. या चित्रपटांत यंत्रांनी माणसांना कैद करून त्यांच्या मनांसाठी ‘मॅट्रिक्स’ हे संगणकीय आभासी जग उभारले आहे, आणि तिथे माणसासारखे दिसणारे प्रोग्रॅमही वावरतात. पहिल्या भागातला एजंट स्मिथ हा असाच एक प्रोग्रॅम, या व्यवस्थेचा पहारेकरी होता. निओने त्याच्या देहात शिरून त्याला नष्ट केल्यावर, नियमानुसार त्याने मूळ स्रोताकडे, म्हणजे यंत्रांच्या मुख्य संगणकाकडे परत जाऊन डिलीट व्हायला हवे होते. तो गेला नाही. ‘रीलोडेड’च्या आरंभी तो आपल्या कानातले यंत्र निओकडे पाठवून देतो, म्हणजे एका अर्थी नोकरीचा राजीनामाच देतो. तो मुक्त झाला आहे, पण ज्या कामासाठी त्याला घडवले होते ते काम आता उरलेले नाही, आणि हे रिकामेपण त्याला सहन होत नाही. म्हणून तो समोर येईल त्याच्या छातीत हात खुपसून त्याचा स्मिथ करत सुटतो. शंभराच्या आसपास स्मिथ निओवर तुटून पडतात ती मारामारी तेव्हा अनेकांना संगणकाची करामत वाटली, आणि तिच्यातली काही दृश्ये आज खरोखरच कृत्रिम दिसतात. परंतु स्मिथ रंगवणाऱ्या ह्यूगो वीव्हिंग यांच्या चेहऱ्यावरचा तो थंड, तुटक त्रागा पाहिला म्हणजे हा माणूस जिंकण्यासाठी लढत नसून आपल्याला काही कारण उरावे म्हणून लढतो आहे, हे लक्षात येते.

याच रिकामेपणाची दुसरी बाजू ‘रेव्होल्यूशन्स’च्या सुरुवातीला, त्या पांढऱ्याशुभ्र रेल्वे स्थानकावर दिसते. तिथे निओला रामा-कांद्रा, त्याची पत्नी कमला आणि त्यांची लहान मुलगी सती भेटतात. तिघेही प्रोग्रॅम आहेत. रामा-कांद्रा यंत्रनगरीच्या वीजकेंद्रात व्यवस्थापक आहे, आणि माणसांच्या शरीरातून वीज काढणारे केंद्र ते हेच. म्हणजे ज्याला आपण शत्रूच्या कारखान्यातला अधिकारी म्हणू, तो हात जोडून आपल्या मुलीच्या जिवाबद्दल बोलतो. सतीला कोणत्याही कामासाठी घडवलेले नाही, म्हणून व्यवस्थेच्या नियमानुसार तिला जगण्याचा अधिकार नाही. तिच्यावर प्रेम आहे एवढ्याच कारणासाठी आईबापांनी मेरोव्हिन्जियन या दलाल प्रोग्रॅमशी सौदा करून तिला पळवून आणले आहे आणि तिला सोडून त्यांना कामावर परतायचे आहे. स्मिथकडेही काम नाही, सतीकडेही नाही. एक त्यापायी सगळे जग गिळू पाहतो, दुसरी कोणाचे काही न बिघडवता जगू पाहते. दोन्ही भागांचा सगळा अर्थ मला या जोडीत दिसतो.

आमच्यातले दीपनगरचे थोरले स्नेही, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, या प्रसंगाला फार शांत झाले. त्यांच्या नोकरीच्या काळातच तिथले जुने संच बंद झाले आणि ५०० मेगावॅटचे दोन नवे संच उभे राहिले. ‘संच काढला की तो चालवणारी माणसंही जुनी ठरतात,’ एवढेच ते म्हणाले. वीजकेंद्रात आयुष्य घालवलेल्या माणसाने रामा-कांद्राला लगेच ओळखावे, यात नवल नाही.

मेरोव्हिन्जियनकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. लॅम्बर्ट विल्सन यांनी रंगवलेला हा फ्रेंच उमराव डिलीट होण्यातून पळालेल्या प्रोग्रॅमना आसरा देतो आणि त्याची किंमत वसूल करतो. ‘रीलोडेड’मध्ये निओ त्याच्या उपाहारगृहात शिरतो, तेव्हा रामा-कांद्रा तिथून बाहेर पडताना क्षणभर दिसतो, पुढच्या भागातल्या कुटुंबाचे बीज तिथेच पेरलेले आहे. दुर्दैवाने ‘रेव्होल्यूशन्स’ने या पात्राला एका प्रसंगात गुंडाळले, आणि ही त्या चित्रपटाची मोठी चूक आहे. त्याचे हस्तक असलेले जुळे भाऊ तर महामार्गावरच्या पाठलागानंतर जे गेले ते गेलेच. त्यांच्याविषयी खंत वाटावी असे मात्र त्यांच्यात काही नव्हते.

‘रीलोडेड’मधले आर्किटेक्टचे, म्हणजे मॅट्रिक्स घडवणाऱ्या प्रोग्रॅमचे भाषण हा अनेकांच्या तक्रारीचा विषय. ते जड आहे, पण त्यातली माहिती भयंकर आहे: निओ हा सहावा तारणहार आहे, झायन हे माणसांचे शहर याआधी पाच वेळा नष्ट झाले आहे, आणि बंड हेसुद्धा व्यवस्थेने हिशेबात धरलेले आहे. शत्रूला हरवले की सुटका, ही पहिल्या भागाने दिलेली आशा इथे मोडते. प्रेक्षक रागावले ते बहुधा याच कारणाने. पुढच्या भागात झायनच्या गोदीतली लढाई इतकी लांबली की तो राग आणखी वाढला, आणि ते लांबणे मलाही समर्थनीय वाटत नाही.

शेवट मात्र विचारपूर्वक केलेला आहे. निओ यंत्रांना हरवत नाही. तो त्यांच्याशी तह करतो, कारण स्मिथ दोन्ही बाजूंना गिळणार आहे. पावसातल्या अखेरच्या झुंजीत समूहगान आपल्या ओळखीचे आहे, बृहदारण्यक उपनिषदातले ‘असतो मा सद्गमय’. तेच शब्द नंतर श्रेयनामावलीवरही ऐकू येतात, आणि दिवे लागताच उठून जाणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी ते ऐकले असतील, असे मला नेहमी वाटते.

आमचा वाद अडला तो त्याआधीच्या एका वाक्यावर. तिन्ही चित्रपटांत निओला त्याच्या जुन्या नावाने ‘मिस्टर अँडरसन’ म्हणणारा स्मिथ, ज्याचा आरंभ आहे त्याचा अंतही आहे असे सांगताना एकदाच त्याला ‘निओ’ अशी हाक मारतो आणि स्वतःच दचकतो. यावलच्या मित्राच्या मते स्मिथने गिळलेली ओरॅकल ही भविष्यवेत्ती तिथे त्याच्या तोंडून बोलते. ते खरेच आहे, पण ते ऐकून घाबरणारा स्मिथ स्वतः आहे, आणि त्या भीतीमुळेच तो मला तिन्ही भागांतल्या कोणत्याही माणसापेक्षा अधिक जिवंत वाटतो.